शॉकअपमधलं जास्तीचं ऑइल

गुरुवार, १४ नोव्हेंबर

प्रिय खारूताई,

अनेक आशीर्वाद. इकडे सगळं ठीक. आईचा गुडघा कालपासून जरा शांत आहे, त्यामुळे जीभ पुन्हा जोरात चालू झालीय. "धाकटीला फोन कर," म्हणून माझ्या मागे लागली होती. केला मी, दोनदा. दोन्ही वेळा तुझ्या स्वयंपाकघरातल्या गळक्या नळावर बोललो आणि ठेवून दिला. म्हणून हे पत्र. कुरिअरवाला म्हणाला, उद्या पोचेल. रविवारी तुझी बाइक विकत न्यायला तो माणूस येणार, त्याआधी तू हे वाचायला हवंस.

गेल्या महिन्यात मी तिचे पुढचे शॉकअप खोलले, तेव्हा तू स्टुलावर बसून चहा पीत होतीस. "दादा, तू इतका जपून काम करतोस की बाइक कंटाळून स्वतःच दुरुस्त होईल," म्हणालीस. जपूनच केलं गं. सील बदलले, नळ्या पुसल्या, जुनं काळं ऑइल काढलं. नवं ऑइल मी आधी मापापेक्षा थोडं जास्त ओततो आणि मग जास्तीचं सिरिंजने ओढून घेतो. वर हवेला जागा राहिली पाहिजे. नाहीतर शॉकअप खड्ड्यात पुरते दबत नाहीत आणि सगळा दणका हातात येतो.

त्या दिवशी ओढायचं राहिलं. मध्येच आईने हाक मारली, परत आलो आणि झाकणं लावून टाकली. तू हेल्मेट शोधत होतीस, तेव्हा सिरिंज दिसली. कोरडी. "थांब, अर्धा तास दे," एवढंच म्हणायचं होतं.

म्हटलं नाही.

उन्हाळ्यात शर्यतीच्या मातीच्या ट्रॅकवर, त्या उतारावर तू पडलीस, तेव्हा मी कुंपणाशी उभा होतो. तू उठेपर्यंतचा तो वेळ अजून माझ्या अंगातून गेलेला नाही. वाटलं, बाइक कडक राहिली तर हळू चालवशील. विसरलो ते चुकून. तसंच ठेवलं ते मात्र समजून उमजून. त्याच दणक्याने तू पुन्हा पडू शकली असतीस, हे तेव्हा मनात आलंच नाही. की येऊ दिलं नाही? काळजी म्हणावी, तर ही कसली काळजी?

आणि याहून वाईट म्हणजे परवाचं. तू म्हणालीस, "दादा, माझे हातच गेले कामातून. ट्रॅकच्या दोन चकरांत मनगटं भरून येतात. तिथल्या पोरी काकू म्हणून हसतात मला. विकून टाकते." मी काय म्हणालो? "हो गं, वय होतंच." आणि तू ते खरं मानलंस. एरवी भांडली असतीस.

वय नाही. ऑइल आहे.

त्या माणसाला थांबव. मी शनिवारी सकाळी येतो. माझ्यासाठी दार उघडावंसं तुला वाटलं नाही, तर तुझ्याकडच्या एखाद्या मेकॅनिकला हे पत्र दाखव आणि दोन्ही बाजूंचं ऑइल मापात आणून घे. मग एकदा चालव, आणि मग विकायची का ते ठरव. मला विचारशील तर अजूनही विकावीस असंच वाटतं. तेही आता लपवत नाही. पण ठरवायचं तू, माझ्या जास्तीच्या ऑइलने नाही.

तुझे हात शाबूत आहेत हे माहीत असून गप्प बसलेला,
दादा