कोपऱ्यातली खोली आणि तीन व्हेंट

५ डिसेंबर
आज ठरवलं. अरवाचं पहिलं बाळंतपण माहेरीच, म्हणजे इथे वाळवंटात, अल खर्जला, माझ्या घरी. सातवा लागलाय. पोरगी फोनवर म्हणते, अम्मी, गेल्या जानेवारीत तुझ्या कोपऱ्यातल्या खोलीत माझी बोटं आखडली होती, सासू म्हणतात राबिघलाच राहा, इथे समुद्र आहे, थंडी नाही. विहीण खतीजाबाईंना म्हणावं, समुद्र आमच्या रत्नागिरीलाही होता. त्या जोरावर आम्ही कुणाच्या लेकी अडवल्या नाहीत.
खोली गरम करून दाखवते. दहा दिवस पुरे.

६ डिसेंबर, सकाळी
हे घर डेअरीच्या कुणा गोऱ्या साहेबाने स्वतःसाठी बांधलेलं. हॉलला लागून बॉयलर, तिथून वाफेचा पाइप घरभर, खोलीखोलीत लोखंडी रेडिएटर. हॉल तापतो. शेवटची, कोपऱ्यातली खोली बर्फ.
हे म्हणाले, पाइपात हवा अडकते. ती बाहेर पडल्याशिवाय वाफ पुढे सरकत नाही. मोठ्या भोकाचा एअर व्हेंट, म्हणजे हवा सोडायची झडप, पाइपाच्या शेवटच्या टोकाला लाव, हॉलला बारीक भोकाचा पुरे.
हे बावीस वर्षं डेअरीत बॉयलर सांभाळतात. बॉयलरजवळ बसून माणूस गरम होतो, शहाणा होत नाही.
कुकरची शिट्टी कुकरवर असते, शेजारणीच्या घरी नसते. व्हेंट बॉयलरजवळच लागणार.

११ डिसेंबर
बत्ह्याच्या बाजारात गेले. दुकानदार विचारतो, पाइप कितना लंबा है? मी म्हटलं, पाइप का छोडो, थंडी कितनी है वो पूछो. तोही ह्यांच्यासारखंच बोलायला लागला, एक बडा, बाकी छोटे. ह्यांनी फोन करून ठेवला असणार. तीन घेतले. तिन्ही मोठे, चकचकीत. ह्यांचा पाना घेऊन मीच बसवले, ओळीने, बॉयलरच्या तोंडाशी. चौथी शिकलेली बाई आहे मी. इंजिनियरला हे जमलं नसतं.

१३ डिसेंबर
बॉयलर लावला. व्हेंट सूंऽऽ करून गप्प. शिट्टी नाही, काही नाही. हे म्हणाले, वाफ पोचली की तो आपोआप बंद होतो, तेच त्याचं काम. असलं कामचोर काम!
हॉलमध्ये पंखा लावावा लागला.
कोपऱ्यातल्या खोलीत खोबरेल तेलाची बाटली ठेवली. तेल वितळलं की खोली बाळंतिणीच्या लायक झाली. अजून दगड.

१७ डिसेंबर
कारण सापडलं! कोपऱ्यातल्या रेडिएटरवरचा जुना व्हेंट हळूच फुसफुसतो. ऊब तिथून पळते आणि घरात दोन माणसं असून एकाला पत्ता नाही. बिर्याणीला दम देताना झाकणाच्या कडेला कणीक लावतोच ना? लावली. फुसफुस बंद.
हे कपाळाला हात लावून बसले. म्हणाले, अमिरुन्निसा, हवेला तेवढीच वाट होती. मी म्हटलं, तुम्हालाही दारातनं एकच वाट आहे. यल्ला, ड्यूटीला निघा.

२० डिसेंबर
तेल दगड. कणीकही आता दगड. म्हणजे पक्की बसली.

२४ डिसेंबर
अरवा म्हणाली, तिकीट काढायच्या आधी व्हिडिओ कॉलवर बाटली उलटी करून दाखव. तेलाची गोष्ट बापाने सांगितली. फितूर.
बाटली आधी गॅसजवळ ठेवून वितळवली. याला फसवणूक म्हणत नाहीत, तयारी म्हणतात. मग कोपऱ्यातल्या खोलीत जाऊन कॉल लावला. बाटली उलटी केली. तेल कसं खळाखळा! पोरीने खूश व्हायचं सोडून विचारलं, अम्मी, तुझ्या तोंडातून वाफ का येतेय?
मागे खतीजाबाई हसल्या. मी ऐकलं. हे दारातून म्हणाले, घरातली सगळी वाफ तिथेच आहे.
तिकीट खलास.

२८ डिसेंबर
चार दिवस गेले. विचार केला. माहेर म्हणजे काय, पाइप? माहेर म्हणजे आई. आई जिथे, तिथे माहेर. म्हणजे बाळंतपण माहेरीच होणार, मी म्हटलं होतं तसंच. मी राबिघला जाते. तेलाची बाटली घेतली, बाळाच्या मालिशला, दुपट्यांच्या पिशवीतच ठेवली.

४ जानेवारी, राबिघ
खतीजाबाईंनी विचारलं, विहीणबाई, एसी लावू का? जानेवारीत! मी म्हटलं, लावा की, मला थंडीची सवय आहे. अरवाने तोंडावर ओढणी घेतली.
ह्यांचा फोन आला. कणीक स्क्रूड्रायव्हरने कोरून काढली. हॉलमधला एक मोठा व्हेंट पाइपाच्या टोकाला नेऊन लावला. वीस मिनिटांत खोली तापली. आता स्वतः तिथेच झोपतात, बनियनवर. मी म्हटलं, तापणारच. व्हेंट कुणी निवडले होते?
संध्याकाळी पिशवी उघडली. तेल आपोआप वितळून बाळाच्या सगळ्या दुपट्यांवर सांडलंय. झाकण सैल होतं. माझी चूक नाही.
खतीजाबाईंकडे थोडी कणीक मागायला हवी.