शिरगोळा नव्हता तो

अप्पा, दहा जून १९७४, सोमवार, सकाळचे साडेदहा. सोलापूरबाहेरच्या आपल्या खडीच्या खाणीच्या तोंडाशी पुण्याचे भूगर्भशास्त्राचे प्राध्यापक उभे होते, शेजारी मी, आणि समोर तुम्ही, सणासुदीचा पटका बांधून. ते माझ्यासाठी आले होते. पंधरवड्यापूर्वी सुरुंगानं तुमच्या काळ्या दगडात एक पोकळी उघडली होती आणि आत पांढऱ्या सुयांचे झुबके होते. लाव्हा थिजताना अडकलेला वाफेचा फुगा तो. मागाहून गरम पाणी झिरपलं आणि स्फटिक वाढले. नखानं ओरखडा उठेना, म्हणजे जिप्सम नव्हे. आम्ल टाकलं तरी फसफसेना, म्हणजे कॅल्साइट नव्हे. झिओलाइटच, असं मी माझ्या कॉन्व्हेंटच्या इंग्रजीत त्यांना ठासून कळवलं होतं. नमुना बघून ते पुण्याच्या प्रवेशासाठी माझी शिफारस करणार होते.

"कुठाय तुमचा नमुना?" त्यांनी मला विचारलं.

"ह्यो काय, तुमच्या पायाखाली," तुम्हीच म्हणालात. "पोरीचे गुरुजी येनार म्हनून बायांकडनं सगळा शिरगोळा कुटून घेतला, सायेब. रांगोळी लई पांढरी झालीय की!"

ते रांगोळीतल्या कमळाच्या पाकळीवर उभे होते. पाय उचलून त्यांनी बुटाचा तळ पाहिला आणि हसले. "वा! नमुना असा सादर झालेला मी प्रथमच पाहतोय." खडी फोडणाऱ्या बायाही हसल्या. एक म्हणाली, "अक्का, रडतीस कशापायी? पुसून दुसरी काढू की!"

मला तुमची लाज वाटली, पटक्याची वाटली, माझ्या इंग्रजी पत्राची तर सगळ्यात जास्त. ती अजून जात नाही. पुण्याचं राहिलंच; पुढं बँकेतल्या नोकरीत मी भल्याभल्यांना गप्प केलं, पण कुणाच्या दारात रांगोळी दिसली की मान खाली जाते. आणि मग संताप येतो. कारण आदल्या दिवशी जेवताना तुम्ही आईला म्हणाला होतात, "पुन्याला कशाला धाडायची? हितं दगड कमी हायत व्हय?" आणि दुसऱ्या दिवशी त्याच तोंडानं गुरुजींना आग्रहानं चहा पाजलात, केळीचा घड दिलात, एसटीपर्यंत पोचवायला गेलात. जन्मभर दगड फोडलेल्या माणसाला तो रांगोळीचा मऊ शिरगोळा नव्हे एवढं ओळखू आलं नाही, हे मी मानायचं? मुद्दाम कुटलात, की कौतुकानं?

तुम्ही जाऊन कितीही वर्षं झालेली असोत, येत्या दिवाळीच्या पाडव्याआधी लेखी उत्तर हवं. तोंडी चालणार नाही. समोर बसून तुम्ही नुसतं "कौतुकानं" म्हणालात, तर मी लगेच मानीन.