फुटलं तर नाही

माय, शाळेच्या वार्षिक अंकासाठी मुख्याध्यापकांनी माझ्याकडे एक पान मागितलं आहे. धुळ्याच्या या शाळेत मी खेळ शिकवतो. देशाकडून समुद्रकाठच्या वाळूवर फुटबॉल खेळलेला माणूस आपल्याकडे आहे, हे त्यांना छापायचं आहे. दोन दिवस कागद समोर आहे. उजवा खांदा आता वर जात नाही. फळ्यावर लिहायचं तर डाव्या हाताने कोपर उचलून धरावं लागतं. नऊ वर्षं गोलात उभा राहिलो, त्याचं एक पान कसं करायचं ते कळत नाही. लिहायला बसलो की तुझ्याशी बोलल्यासारखं होतं. तुला जाऊन चौदा वर्षं झाली. तुला वाचता येत नव्हतं, म्हणून कदाचित हे लिहिणं सोपं जातं आहे.

गिरणेचं पाणी ओसरलं की पात्रात आपली टरबुजाची वाडी लागायची. ट्रक वाळूत रुतला असता, म्हणून तो काठावर, आणि वाडीपासून काठापर्यंत माणसांची रांग. टरबूज एकाने दुसऱ्याकडे फेकायचं, दुसऱ्याने तिसऱ्याकडे. शेवटची जागा तुझी. वाकडी फेक, आखूड फेक, दमलेल्या माणसाची फेक, सगळं शेवटी तुझ्याकडे येतं. तू एक पाऊल पुढे जातेस, टरबुजाला हवेतच हात लावतेस आणि त्याच्याबरोबर मागे येतेस, पोटापाशी. आवाज होत नाही. ट्रकवरून ड्रायव्हर ओरडतो, "अक्का, टरबूज शे, नातू नही!" तू वर न बघता म्हणतेस, "तुले काय व्हस, वर बठेल शे तू." मी बारा वर्षांचा झालो तेव्हा तू मला तुझ्या जागी उभं केलंस. पहिली तीन फळं माझ्या हातांत फुटली. तू रागावली नाहीस असं मी पुढे लोकांना सांगत आलो. रागावली होतीस. माझी दोन्ही मनगटं धरून गदागदा हलवलीस. "हात कडक नको करू. पुढे जाय, धर, मंग त्यानासंगे मांगे ये." एवढंच. त्यानंतर कुठल्याही प्रशिक्षकाने मला चेंडू कसा धरायचा ते शिकवलं नाही. शिकवायची गरज पडली नाही.

जळगावच्या कॉलेजातून मला निवड चाचणीला पाठवलं, तेव्हा मी समुद्र पाहिलेला नव्हता. बाकीचे सगळे किनाऱ्यावर वाढलेले. "तुमच्या जळगावात समुद्र आहे का रे?" एकाने विचारलं. नाही म्हटलं. "मग गोली कशाला पाठवला, केळी पाठवायची." सगळे हसले. मी म्हटलं, आमच्याकडे वाळू आहे. दुपारी वाळू तापली तेव्हा ते उड्या मारत सावलीकडे पळाले आणि मी अनवाणी उभा राहिलो. अशाच तापल्या वाळूतून मी वर्षानुवर्षं तुझ्या मागून भाकरी घेऊन आलो होतो. संध्याकाळी त्यांनी माझं नाव टरबूज ठेवलं, कारण चेंडू मी तसा पोटाशी घेतो, आणि निवृत्त होईपर्यंत ते नाव राहिलं.

परदेशातला तो सामना मी नेहमी असा सांगतो. बरोबरी, शेवटचं मिनिट, जिंकलो तर पुढच्या फेरीत. आमच्याकडून चूक झाली आणि त्यांना फ्री किक मिळाली. या खेळात भिंत लावता येत नाही; मारणारा आणि गोली, मधे कोणी नाही. वाळूवर चुना टिकत नाही, म्हणून गोलरेषेला निळी पट्टी ताणलेली असते. चेंडू सरळ छातीवर आला. मी तो धरला, स्वच्छ धरला, आणि तू शिकवलंस तसा त्याच्याबरोबर मागे गेलो. पट्टीच्या पलीकडे. चेंडू माझ्या हातांत होता आणि पंचांनी गोलाची शिट्टी वाजवली. ही गोष्ट सांगितली की लोक हसतात, मीही हसतो. आईच्या टरबुजाने हरवलं, असं म्हणतो.

मी घरी आलो तेव्हा शेजाऱ्याने त्या सामन्याचं चित्रण मोबाइलवर तुला दाखवलं होतं. अंगणात तू भांडी घासत होतीस. "चांगलं धरं तू," म्हणालीस. मी म्हटलं, माय, गोल झाला तो. बोटाने मातीत रेघ ओढून दाखवली. तू रेघेकडे बघत राहिलीस. "पन फुटनं तं नही," म्हणालीस. शेजारी हसला. मग मी सगळा दोष तुझ्यावर टाकला. "तूच शिकाडं माले मांगे येवानं. तुनामुये गयं बठ्ठं." तू पुन्हा भांड्यांकडे वळलीस. दुसऱ्या दिवशी ट्रक भरायचा होता. तू शेवटच्या जागी उभी, पाय वाळूत रोवून. फेक आली. तू पुढे गेली नाहीस, मागेही आली नाहीस. टरबूज तुझ्या छातीवर फुटलं. रांग थांबली. लुगड्यावरून लाल पाणी ओघळत होतं, हनुवटीला बिया चिकटल्या होत्या. तू माझ्याकडे बघून विचारलंस, "आसं धरानं व्हतं का?" टोमणा नव्हता. तू खरंच विचारत होतीस.

मी म्हटलं, "व्हय."

त्यानंतर दोन मोसम तू रांगेत होतीस, पण मधे कुठेतरी. शेवटच्या जागी दुसरी बाई. तिसऱ्या मोसमात तू नव्हतीस. आता वाडीही नाही. जळगावला जाताना पुलावरून बघतो. वाळू उपसून खाली काळा खडक निघाला आहे.

जे सांगत नाही ते एवढंच आहे. त्या फ्री किकच्या वेळी मी पट्टीवर उभा होतो. प्रशिक्षक दोनदा ओरडले, "पुढे! पुढे ये!" मला ऐकू आलं. पण त्या खेळाडूचा आधीचा एक फटका माझ्या तोंडावर बसला होता, दात अजून हलत होता, आणि मला भीती वाटली. मी एक पाऊल पुढे असतो तर त्याच्याबरोबर मागे येऊनही पट्टीच्या अलीकडेच राहिलो असतो. तू दोन गोष्टी सांगितल्या होत्यास. मी फक्त दुसरी केली, मागे यायची. हे मला चेंडू हातात असतानाच कळलं होतं. अंगणातही माहीत होतं. वाळूत, तू विचारलंस तेव्हाही.

शाळेचं पान वेगळं लिहिलं आणि आज सकाळी देऊन आलो. मुख्याध्यापक वाचून हसले, फार छान म्हणाले. त्यात तो गोल अजून तुझ्यामुळेच झाला आहे.