ज्या ओळीपुढे शून्य होतं

५ नोव्हेंबर, सकाळ
काकांच्या घरून

तीर्थरूप बाबा,

साष्टांग नमस्कार. मी ठीक आहे. आईचा गुडघा आता कसा आहे? तिला सांगा, मी वेळेवर जेवते. ताट रिकामं झाल्याशिवाय काकू समोरून हलतच नाहीत.

पत्र बघून दचकू नका. फोनवर तुम्ही "बरं, बरं, गिऱ्हाईक आलंय" म्हणून विषय गुंडाळता, आणि माझीही जीभ अडखळते. म्हणून हे आपल्या दुकानाची औषधं आणणाऱ्या गाडीवाल्या मामांच्या हाती देते आहे. खोक्यांबरोबर दुपारपर्यंत पोचेल. दुकानात कुणी नसताना वाचा.

काकांचं प्रचार कार्यालय म्हणजे बंद पडलेलं फर्निचरचं दुकान. खुर्च्यांना अजून किमतीच्या चिठ्ठ्या लटकताहेत, आणि महागाच्या खुर्चीवर कोण बसणार यावरून कार्यकर्ते रोज भांडतात. ऑनलाइन प्रचाराची आखणी आणि तिचं बजेट माझ्याकडे होतं. वेबसाइट, जाहिराती, व्हिडिओ, फोनवर जाणारे संदेश, कशावर किती खर्च करायचा ते ठरवायचं. काका कॅमेऱ्यासमोर पापणीच लववत नाहीत. एकाने व्हिडिओखाली लिहिलं, "हे उमेदवार आहेत की उमेदवाराचा फोटो?" काका चिडले. "लोकांच्या डोळ्याला डोळा भिडवून बोलतोय मी!" काकू स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "भिडवा हो, पण मधूनमधून मिटा."

असं सगळं हसतखेळत चाललं होतं. अडलं ते बजेटमधल्या एका ओळीवर.

संदेश पाठवायचे तर लोकांचे नंबर लागतात. माझी योजना अशी होती की कोपरा सभांमध्ये टेबल टाकायचं आणि जे आपणहून नंबर देतील त्यांनाच संदेश पाठवायचे. त्यासाठी मी ड्रोनचं चित्रीकरण कापलं होतं. काकांनी नेमलेल्या सल्लागारांनी ड्रोन परत घातला, टेबल उडवलं आणि नंबरांच्या ओळीपुढे शून्य लिहिलं. मी विचारलं, "नंबर फुकट कसे?" म्हणाले, "घरचेच आहेत, ताई." मी गॅसचा खटका तीनदा बघणारी. ते शून्य डोक्यातून जाईना.

परवा चाचणी म्हणून थोड्या लोकांना काकांचा नमस्कार पाठवला. उत्तरं माझ्या स्क्रीनवर येतात. पहिलं आलं, "भाऊ, रक्तदाबाच्या गोळ्या संपल्यात. जिना उतरवत नाही, कुणाला तरी पाठवा." मग दुसरं, "ती कडू बाटली नको, मागची द्या."

सगळं कार्यालय हसलं. मी ती उत्तरं पुन्हा वाचली. बाबा, ही आपली माणसं होती, आपल्या दुकानातून घरपोच औषधं मागवणारी. आडनाव बघून संदेश तुमचाच वाटला त्यांना.

यादी उघडून पाहिली. नावापुढे नंबर आणि नंबरापुढे औषध. ती तिथे कशी आली, ते मी विचारलं नाही.

सल्लागारांचा बेत होता की गुरुवारी आजारानुसार संदेश पाठवायचे. "साखरवाल्यांना साखरेचा, दमेकऱ्यांना दम्याचा. प्रत्येकाला वाटलं पाहिजे, साहेबांना माझीच काळजी!" मी शिवणकाम करणाऱ्या ताईंचं नाव शोधलं. होतं, फिटच्या गोळ्यांसकट. त्यांचा फोन सासरची माणसं वाचतात, हे तुम्हाला माहीत आहे.

मी शाळेत जायच्या आधी, काउंटरमागच्या स्टुलावर बसवून तुम्ही मला औषधांच्या खोक्यांवरून अक्षरं शिकवलीत. ताई तेव्हा नव्या नवरी होत्या. त्यांचं पुडकं तुम्ही स्वतः वर्तमानपत्रात बांधायचात. एकदा मी गोळ्यांचं नाव मोठ्याने वाचलं. ताई गेल्यावर तुम्ही म्हणालात, "चिमटे, वाचता येणं हे निम्मं शिक्षण. वाचलेलं पोटात ठेवणं हे बाकीचं निम्मं."

काल बैठकीत मी उभी राहिले. म्हटलं, "हे संदेश जाणार नाहीत."

"अगं, घरचंच तर आहे," काका म्हणाले. "कुणाची चोरी केली का आपण?"

"दुकान घरचं आहे, काका. दुखणी त्यांची आहेत."

सल्लागार हसले. "ताई, इतकं धुतल्या तांदळासारखं राहून निवडणूक होत नसते."

"मग तुम्ही करा न धुतलेल्या हातांनी. संदेशांचं खातं माझ्या नावावर होतं, ते मी बंद केलंय. इथली यादीही पुसलीय."

काका म्हणाले, "उद्यापासून तोंड दाखवू नकोस." मी तिथल्या तिथे निघणार होते, काकूंनी हाताला धरून उद्यापर्यंत ठेवून घेतलं. पण सल्लागारांकडे यादीची प्रत आहे. नवं खातं उघडायला त्यांना कितीसा वेळ लागणार?

वर लिहिलंय की यादी कशी आली ते मी विचारलं नाही. ते खोडत नाही, पण ते खरं नाही. विचारलं होतं. सगळ्यांदेखत. काका म्हणाले, "तुझ्या बापाने स्वतःच्या हाताने पेन ड्राइव्ह दिला मला. आता तू मला शिकवणार?"



काकांना तुम्ही कडेवर घेऊन वाढवलंत. त्यांना नाही म्हणणं तुम्हाला कधी जमलंच नाही. त्या यादीचं काय होणार हे तुम्हाला कळलं नसेल, अशी मी रात्रभर स्वतःची समजूत घातली. पण ते पुडकं बांधणारे तुम्हीच ना? तुम्हाला कळत होतं.

आता मला उद्धट म्हणा. काल काकांना बोलले, आज तुम्हाला लिहिते आहे, आणि माघार घेणार नाही. काका जगात फक्त तुमचं ऐकतात. पत्र वाचून होताच त्यांना फोन करा आणि यादी परत मागा. "देतोस का" म्हणू नका, "दे" म्हणा.

त्यांनी दिली तरी आणि नाही दिली तरी, उद्या पहिल्या गाडीने मी येते आहे. तुम्ही शटर उचलाल तेव्हा पायरीवर असेन. बाहेरचा फळा पुसून ठेवा. त्यावर लिहायचं आहे, "तुमचे नंबर आणि औषधांची नावं या दुकानातून बाहेर गेली आहेत. चूक आमची आहे. प्रचाराचा संदेश आला तर उत्तर देऊ नका." शिवणाऱ्या ताईंना मात्र हे फळ्यावरून कळता कामा नये. कपडा शिवायचं निमित्त करून मी स्वतः त्यांच्याकडे जाईन.

फळ्यावर अक्षर तुमचं असलं तर बरं. लोक ते ओळखतात. तुम्ही लिहिलं नाहीत तर मी लिहीन. मलाही अक्षरं तुम्हीच शिकवलीत, तेव्हा लोकांना फरक कळायचा नाही. तुम्हाला तेवढा कळेल.

वाचलेलं पोटात ठेवणारी,
पण हे न ठेवणारी,
तुमची चिमटी