अर्ध्या किलोच्या आतला

३ नोव्हेंबर
संस्थेचं पत्र आलं. एक डिसेंबरपासून मेंढ्यांना पाजायच्या जंताच्या डोसची नोंद वहीत चालणार नाही, टॅबवरच करायची. तीस तारखेपर्यंत ज्याच्याकडे टॅब नसेल, त्याला नेमून दिलेल्या वाड्या दुसऱ्याला देण्यात येतील.
पत्र दोनदा वाचलं. घाबरण्यासारखं काही नाही. सत्तावीस दिवस आहेत, पैसे बाजूला ठेवलेले आहेत. निरगुडसरपासून खोडदपर्यंत माझ्या बारा वाड्या. प्रत्येक कळपाची कुत्री मला ओळखतात. माझ्या वाड्या कोण घेतंय?
निश्चय: टॅब हलका घ्यायचा. बाकी कशालाही भुलायचं नाही.
कारण लिहून ठेवते. मेंढी धरायची, डोस पाजायचा, कानातल्या बिल्ल्याचा नंबर वाचायचा आणि लिहायचा. आधी आमचे हे मेंढी धरायचे आणि मी लिहायचे. यांना जाऊन तीन वर्षं झाली. आता मेंढी गुडघ्यांत, पेन दातांत आणि वही मेंढीच्या पाठीवर. काही अडत नाही. मागच्या फेरीत एका मेंढीला दोनदा डोस गेला आणि चार तशाच राहिल्या, पण त्या दिवशी वारं फार होतं.
म्हणजे प्रश्न फक्त वजनाचा आहे.

४ नोव्हेंबर, सकाळी
आज शास्त्रीय पद्धतीने काम केलं. साखरेचा किलोचा पुडा डाव्या हातात धरून ओट्यापाशी उभी राहिले. दहा मिनिटांत खांदा भरला. मग अर्धा किलो ठेवून बघितला. वीस मिनिटं टिकले. शेजारच्या सारजाबाई दारात येऊन म्हणाल्या, हिराबाई, साखर वाटताय का कुणाला? काहीतरी सांगितलं आणि चहा केला.
मर्यादा ठरली. अर्ध्या किलोच्या आत.

६ नोव्हेंबर
सृष्टीचा पुण्याहून फोन. लेकीचं म्हणणं, आई, मी आत्ता ऑनलाइन मागवते, परवा दारात येईल.
न बघता? आपण मेंढा असा घेतो का? पहिल्या बाजाराला नुसता बघायचा. दुसऱ्या बाजाराला उन्हात उभा करायचा. तिसऱ्या बाजाराला चालवून बघायचा आणि मग बोली. यांनी एकदाच पहिल्या बाजारात मेंढा घेतला होता. लंगडा निघाला. आठ दिवस घरात कोणी कोणाशी बोललं नाही.
सृष्टी म्हणाली, अगं, टॅबला पाय नसतात. शिकलेल्या मुलांना बाजार कळत नाही.

९ नोव्हेंबर
पहिला बाजार. मंचरला सुदर्शनच्या दुकानात गेले. माणूस बरा आहे, पण घाई फार. तीन टॅब काढले, निळ्या खोक्यातला, करड्या खोक्यातला आणि काळ्या खोक्यातला. मी कोकरं तोलायचा काटा बरोबर नेला होता. निळा टांगला. काटा जागचा हलेना.
सुदर्शन म्हणाला, काकू, हे कोकरू न्हाई, काटा हलायचा न्हाई.
म्हटलं, मग तिन्ही एकदम टांग. तिन्ही मिळून दीड किलोला जरा कमी भरले. म्हणजे तिन्ही अर्ध्या किलोच्या आत. सुदर्शन म्हणाला, आवो काकू, एखादा जड असंल, एखादा हलका असंल, वजन खोक्यावर छापलंय की. खोक्यावर निळा तीनशे पासष्ट ग्रॅम, करडा चारशे नव्वद, काळा सहाशे दहा. म्हणजे माझा काटा बरोबर होता, फक्त वाटणी वेगळी होती.
दुकानातली माणसं हसत होती. बहुतेक खोक्यांना.
निळा मनात भरला. एका हाताच्या तळव्यावर राहतो. पण पहिला बाजार. माहितीपत्रकं घेतली आणि परत आले.

११ नोव्हेंबर
माहितीपत्रकं वाचली. मी शाळेत गेले नाही. कळपामागं चालताना एसटीच्या पाट्या आणि औषधांच्या बाटल्यांवरची लेबलं वाचत वाचत शिकले, त्यामुळे बारीक अक्षर माझ्या हातून निसटत नाही. ‘पाण्याच्या तुषारांपासून संरक्षण’ असं आहे. मेंढीच्या शिंकेबद्दल काही लिहिलेलं नाही. एके ठिकाणी छापलंय, ‘दोन्ही हातांत धरल्यास उत्तम अनुभव.’ छापणाऱ्याने मेंढी धरलेली नसावी.

१२ नोव्हेंबर
एक मुद्दा सुचला. खोडदला त्या मोठ्या रेडिओ दुर्बिणीच्या जवळ फोन बंद ठेवायला सांगतात. मग टॅबचं काय? तिथं माझे चार कळप आहेत. याचा खुलासा आल्याशिवाय घाईने घेणं बरोबर नाही. संस्थेत फोन केला. कुणीतरी म्हणालं, ताई, तिथं बंद ठेवा आणि घरी येऊन भरा, एवढं काय त्यात. एवढ्या मोठ्या मुद्द्याला एवढंसं उत्तर.

१३ नोव्हेंबर, दुपारी
सराव केला. सृष्टीची जुनी पाटी सुतळीने गळ्यात अडकवली आणि धाकट्या दिरांच्या, सोमनाथच्या कळपात गेले. पाटी म्हणजे टॅब असं धरून चालायचं. पहिल्या मेंढीने वास घेतला. दुसरीने सुतळी खाल्ली. तिसरीने ढुशी दिली ती पाटीवर. पाटी फुटली.
सोमनाथ काठीवर रेलून बघत होते. म्हणाले, वयनी, एखादं माणूस घ्या की संगं. दादा व्हता तवा निम्म्या येळंत कळप उरकत व्हता.
मी सांगितलं, माणूस नको, पाटी जड होती. निळा पाटीच्या निम्मासुद्धा नाही.
सोमनाथ म्हणाले, मेंढीला काय ठावं निळा का काळा.
त्यांना तंत्रज्ञानातलं कळत नाही.

१६ नोव्हेंबर
दुसरा बाजार. निळा उन्हात ठेवायला सांगितला. सुदर्शन म्हणाला, काकू, वाळवण घालताय का? पण ठेवला. उन्हात अक्षर दिसतं, डोळे बारीक केले तर. बॅटरी संध्याकाळपर्यंत टिकते का हे बघायचं म्हणून दिवसभर दुकानातच बसले. त्याने खुर्ची दिली, दोनदा चहा दिला.
गिऱ्हाईकं मला दुकानातलीच समजली. खोडदच्या एका गुरुजींना करडा समजावून सांगितला, त्यांनी घेतला. टोमॅटोच्या एका व्यापाऱ्याला काळा दाखवला, हात भक्कम होता त्यांचा, तेही घेऊन गेले. मी कुणालाही खोटं सांगितलं नाही, जे छापलंय तेवढंच सांगितलं, फक्त जरा जीव ओतून.
सुदर्शन म्हणाला, काकू, दर बाजाराला येत जा राव. सहज म्हणून विचारलं, निळे किती आहेत? म्हणाला, दोन. दोन म्हणजे पुष्कळ.
घरी येताना एसटीत मनात आलं, हे सगळं यांना सांगावं. मग स्टॉप आला.

१९ नोव्हेंबर
संस्थेच्या साहेबांचा फोन. टॅब झाला का? म्हटलं, दोन बाजार झाले. साहेब म्हणाले, कसले बाजार? समजावून सांगितलं. मग म्हणाले, हिराताई, तुमचं काम चांगलंय, पण तारीख म्हणजे तारीख. तुमच्याच गावची समृद्धी तयार आहे.
समृद्धी म्हणजे मळ्यातल्या बागायतदारांची मुलगी. बीएस्सी झाली आहे. मेंढ्या रस्त्यातून चालल्या की ओढणी नाकाला लावून बाजूला उभी राहते. ती माझ्या वाड्या घेणार. ऐकून चांगलं हसू आलं. जेवण नीट गेलं नाही, पण ते वांगं कडू होतं.

२३ नोव्हेंबर
तिसरा बाजार. आज घ्यायचाच, असं ठरवून गेले.
निळा हातात घेऊन चालवून पाहिला. दुकानापासून एसटी स्टँडपर्यंत आणि परत. सुदर्शन मागून आला, हात पुढे करून, टॅब पडला तर झेलायला म्हणून. खांदा भरला नाही, मनगट भरलं नाही. सगळं पास. सुदर्शन म्हणाला, काकू, शेवटचा एकच राह्यलाय, बांधू का?
पण बोलीच्या आधी पाठ फिरवायची असते. हवाच आहे असं विकणाऱ्याला दिसलं तर मेंढा महाग होतो. म्हणून मी पाठ फिरवली आणि खुर्चीवर बसून रस्त्याकडे बघत राहिले.
तेवढ्यात समृद्धी आली. सुदर्शनशी बोलेना, सरळ माझ्याकडे आली. म्हणाली, काकू, मला यातलं काय सुद्धा कळत नाय. आख्ख्या गावात तुमालाच माहितीये म्हणत्यात. तुमी सांगाल तोच घेते.
तीन वर्षांत मला कुणी असं विचारलेलं नाही. मी तिला खुर्ची दिली. वजन सांगितलं, उन्हातलं अक्षर सांगितलं, बॅटरी, मनगट, शिंक, सगळं. अर्धा तास तरी बोलले असेन. फार चांगलं बोलले. ती म्हणाली, बाई, केवढं माहितीये तुमाला! आणि निळा घेऊन गेली.
सुदर्शन माझ्याकडे बघत होता. मी म्हटलं, बघतोस काय, चहा सांग.

२४ नोव्हेंबर
समृद्धीने पहिल्याच बाजारात घेतला. पस्तावणार.

२७ नोव्हेंबर
सुदर्शनला फोन केला. निळा माल दहा दिवसांनी येईल. करडे संपले. काळा एक आहे. सहाशे दहा ग्रॅम. तो म्हणाला, काकू, तुमच्या अर्ध्या किलोवर येकशे धा गरामच तर जास्त हाय, घ्या की आता. मी त्याला सांगितलं, एकदा ठरलं की ठरलं.

२९ नोव्हेंबर
सृष्टीचा फोन. काळा घे, नाहीतर फाटका घे, पण उद्याच्या आत घे. मग म्हणाली, आई, खरं सांग, तुला टॅब घ्यायचाय की नुसता निवडायचाय? लाईन कट झाली. मीच केली, पण लाईनही तशी बरी नव्हती.

३० नोव्हेंबर, सकाळी
मंचरच्या एसटीसाठी स्टँडवर जाऊन बसले. काळा घ्यायचा म्हणून. पहिली गाडी भरलेली होती. दुसरी गाडी आली तेव्हा मनात मोजत होते, एका हातात मेंढी, एका हातात डोसची बाटली, मग काळा कोणत्या हातात? मग निळा तरी कोणत्या हातात? हिशोब होईपर्यंत गाडी गेली.
घरी आले. टॅब दोन्ही चांगले आहेत. टॅबांबद्दल माझी काही तक्रार नाही.

१ डिसेंबर
आज फेरीचा दिवस. गेले नाही. घर आवरलं. दुपारी परत आवरलं.

४ डिसेंबर
सोमनाथ येऊन सांगून गेले. समृद्धी काल त्यांच्या कळपात आली होती. सकाळी आठला आली, अकरापर्यंत चार मेंढ्या झाल्या. एका हातात टॅब धरून दुसऱ्या हाताने मेंढीचा पाय धरायला जायची. टॅब हातात राहायचा, मेंढी जायची. पाचव्या मेंढीला खाली बसून रडायला लागली म्हणे. सोमनाथनी विचारलं, ताई, काटा लागला का? तर ती म्हणाली, नाय ओ, मला भीती वाटती त्यांच्या डोळ्यांची.
ऐकून मला बरं वाटलं नाही. म्हणजे थोडंसंच वाटलं.

५ डिसेंबर
समृद्धी घरी आली. चप्पल दाराबाहेर काढून उभीच राहिली. म्हणाली, काकू, साहेबांला विचारलंय मी. नोंद करणाऱ्याला मदतनीस ठेवता येतो. तुमी मेंढी धरा, मी लिहिते. काकू, नाय म्हनू नका. मला एकटीला न्हाई जमत.
म्हटलं, विचार करून सांगते. तीन बाजार लागतील.
तिला वाटलं मी चेष्टा करते आहे. ती हसली. मग मीही हसले. उद्या येते म्हणाले.

७ डिसेंबर
काल आणि आज मिळून दोन वाड्या झाल्या. एकशे अठरा मेंढ्या. एकही सुटली नाही, एकीलाही दोनदा डोस गेला नाही.
मी धरते, ती लिहिते. बिल्ल्याचा नंबर मी ओरडून सांगते. धरणाऱ्याला लिहिणाऱ्याचं काही दिसत नाही. मान खाली, डोळ्यासमोर फक्त मेंढीचा कान, नाकात लोकर. नऊ वर्षं राघू असेच वाकून नंबर ओरडत होते आणि मी वर उभी राहून त्यांना हळू बोलायला सांगत होते. त्यांना माझी वही कधी दिसलीच नसणार. नाव लिहिलं मी यांचं. असू दे, इथं कोण वाचतंय?
समृद्धी वरून म्हणाली, काकू, जरा हळू सांगा की. मी हळू सांगितलं.
टॅबवर बारा वाड्यांपुढं नाव समृद्धीचं आहे. माझं खाली, मदतनीस म्हणून, अगदी बारीक अक्षरात. समृद्धीला वाटलं मला दिसणार नाही, म्हणून ती वाचून दाखवायला निघाली. मी आधीच वाचलं होतं.
दोन्ही खांदे भरून आलेत. आत्ता शेक घेत लिहिते आहे. सोमनाथकडची मोठी मेंढी पस्तीस किलोची तरी असेल. महिनाभर सगळं तोलत बसले, ती तेवढी टांगायची राहिली.
निघताना समृद्धी टॅब पिशवीत टाकत म्हणाली, काकू, दिवसभर धरला पण हात अजिबात दुखला न्हाई. लईच हलकाय हा.
मी म्हणाले, निवडलाय कुणी?