कपाटातली कोंबडी

६ डिसें., शनि.
माझं लोखंडी कपाट गेलं. सकाळी बघते तर साड्या पलंगावर, आणि कपाट परसात उताणं पडलेलं. हे ड्रिल मशीन घेऊन त्याच्या पाठीला भोकं पाडतायत. म्हणे त्यात कोंबडी टांगून तिला धुरी द्यायची. मोबाइलवर बघितलं. मोहोपाड्याच्या केमिकल कंपनीतून रिटायर झाल्यापासून हातांना काम नाही, ते माझ्या सामानावर काढतायत.
पुढच्या रविवारी आमची मुलगी पल्लवी पुण्याहून येतेय, लेकाला घेऊन. तिची नवी नोकरी. विहानला काही महिने आमच्याकडे दहिवलीत ठेवायचं की नाही, ते बघून ठरवणार आहे. ह्यांचा जीव टांगणीला. तेवढ्यासाठी हा धुरीचा घाट. मी कोंबडी खात नाही, करून वाढते फक्त. पण परसात लोंबकळणारी बघायची म्हणजे... शी.

८, सोम.
आज कोंबडीशिवाय चाचणी. खाली चूल, तिथून पत्र्याचा पाइप कपाटात. कपाटाचा जुना रंग तापून करपला. असला घाण वास की डोळ्यांतून पाणी. शेजारच्या कुंदाताई कुंपणावरून ओरडल्या, "वयनी, टायर जाळताव काय ओ? घरात बसवत नाय!" हे शांतपणे चुलीपाशी बसलेले. "कसला वास? थोडा धूर हाय, धुरीचं कपाट म्हटल्यावर असणारच." हट्टी मेले. मी दारं-खिडक्या लावून घेतल्या.

९, मंगळ.
दिवसभर पत्रा खरवडणं चालू. किर्र किर्र. डोकं उठलं.

१०, बुध.
कोंबडी आली. मिठाच्या पाण्यातून काढून आकड्याला टांगली. आंब्याचं लाकूड, वर नारळाची सोडणं. चरबी टपटप खाली, माश्या घोंघावतायत. मला जेवण गेलं नाही. संध्याकाळी म्हणतात, मंद धुरावर अजून दोन दिवस लागतील.
म्हटलं, उद्या मार्गशीर्षातला गुरुवार. पुढच्या दारी घट मांडायचा आणि मागच्या दारी कोंबडी शेकायची? अख्खा महिना पाळत नाही आपण, निदान गुरुवार तरी! विझवा.
"अगं, अर्धीकच्ची आहे."
"मग असू दे."
विझवलं. कोंबडी फ्रिजमध्ये ठेवू म्हणाले. फ्रिजमध्ये नैवेद्याचं दूध. मी हात लावू दिला नाही. शेवटी कपाटातच, दार बंद करून.

११, गुरु.
पूजा छान झाली. पाच फळं, वेणी, कहाणी वाचली. आरतीच्या वेळी मागून एक कुबट झुळूक आली. धूप जास्त लावला. परसात गेले नाही.

१२, शुक्र.
ह्यांनी पुन्हा चूल पेटवली. शिट्टी वाजवतायत. मी तिकडे फिरकलेच नाही.

१३, शनि.
लिहवत नाही, पण लिहिते.
दुपारी दार उघडलं. गटारात घूस मरून पडावी तसला वास. वरून तांबूस, चकचकीत. मांडीपाशी सुरी घातली तर आत बुळबुळीत, हिरवट, आणि काहीतरी वळवळत होतं. मी मोरीपाशी जाऊन ओकले. मागे वळते तर ह्यांनी दुसऱ्या बाजूचा एक तुकडा तोंडात टाकलेला. चष्मा नव्हता. "मीठ बरोबर लागलंय. पल्लवी खूश होईल."
मी ह्यांच्या हातातला उरलेला तुकडा झटकून टाकला. थुंकायला लावलं.
"तुला सगळ्याचीच किळस," म्हणाले. मग माझ्याकडे नीट बघितलं. हळूच विचारलं, "खरंच वास येतोय?"
स्वयंपाकघरातून हिंगाची डबी आणली. डोळे मिटायला लावून नाकाशी धरली. बराच वेळ विचार करून म्हणाले, "वेलची."
प्लँटवर असतानाच गेला म्हणे वास. कोणाला सांगायचं? आणि सांगून काय?
रोज संध्याकाळी दारातून आत येता येता म्हणायचे, फोडणीचा काय वास सुटलाय! मी खुळी खूश व्हायचे. त्या कोंबडीची आली नाही इतकी किळस मला ह्या खोटेपणाची आली. सरळ तसं सांगितलं. संध्याकाळी ह्यांचं पोट बिघडलं, मी मीठ-साखरेचं पाणी देत बसले. आणि पाणी देताना सारखं एकच डोक्यात, दोन वर्षांचं पोर, घरात गॅस, मी बाजारात...
कोंबडी पुरली. गुरुवारसाठी मीच विझवायला लावलं होतं. पण ह्यांना नाक असतं तर शुक्रवारीच टाकली असती.

१४, रवि.
पोट जरा थाऱ्यावर आलं तसं ह्यांनी सकाळीच सोड्याच्या गरम पाण्याने कपाट घासून काढलं. ताजी कोंबडी आणली. या खेपेला मोठा जाळ, एकाच दमात पूर्ण शिजवून. दर थोड्या वेळाने मला हाक. "ये गं, बघ." मी पदर नाकावरून काढायचा आणि कोंबडीला नाक लावायचं. आयुष्यात हे करीन असं वाटलं नव्हतं. अंगावर काटा येत होता. चांगली होती. नुसता धूर आणि मीठ.
घाट उतरल्यावर शिळफाट्याहून पल्लवीचा फोन, पोचतोच. फोन ठेवल्यावर हे म्हणाले, "तिला माझ्या नाकाचं बोलू नकोस. पोराला ठेवणार नाही ती." मी हो म्हटलं नाही, नाही पण म्हटलं नाही.
विहान आल्या आल्या ह्यांच्या खांद्यावर. उतरेचना. परसात दोघांची गाडी गाडी चाललेली. ह्यांचा चेहरा असा मी कित्येक दिवसांत बघितला नव्हता.
पानं घेतली. पल्लवीने तुकडा मोडला, विहानच्या तोंडाशी नेला आणि थांबली. "बाबा, ताजी आहे ना? वास घेऊन बघितलाय ना नीट?"
हे भात कालवत राहिले.
"आई?" ती म्हणाली.
कोंबडीचं विचारलं असतं तर सांगितलं असतं, चांगली आहे, मी बघितलीय. पण तिने बाबांचं विचारलं.
म्हटलं, "मी बघितलाय. तू जेव आधी. मग बोलू."
"काय बोलायचंय?"