एवारिस्तोच्या चिरुटांची पेटी

३ फेब्रुवारी, सोमवार

ऑक्टोबरातल्या त्या सकाळी मी कापडी गाळणीतून कॉफी गाळली, कोंबड्यांना मका टाकला, काळ्या घेवड्यातले खडे निवडले आणि न्हाणीघराचं दार पुन्हा निसटलं होतं म्हणून त्याला धोंड्याचा टेकू लावला. एवारिस्तो उंबऱ्याशी टेबल ओढून पुढच्या आठवड्याचे चिरूट वळत होता. मी म्हणाले, हल्ली घेवड्यात खडे फार निघतात. तो म्हणाला, खडेच नीट शिजव, घेवडा फेकून दे. नवराबायकोचं शेवटचं बोलणं याहून बरं असायला हवं होतं, पण ते शेवटचं आहे हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. चिरुटांची जुडी बांधून त्याने फळीवर ठेवली, तंबाखूच्या वाळवणघराकडे गेला आणि तिथेच पडला, तो उठलाच नाही. त्याला आता चार महिने झाले.

आज जुडी खाली काढली. एक चिरूट कानाशी धरून हलकेच दाबला. करकरला. उत्तरेचा वारा सुटलाय, सगळंच वाळतंय.

ठरवलं. सीडरच्या लाकडाची पेटी करायची. आत बेताची ओल राहते तशी, शहरातल्या दुकानांत असते तशी. रविवारपर्यंत होईल.

यात दुःखाचा काही संबंध नाही. वस्तू वाया गेलेली मला बघवत नाही, इतकंच.

५ फेब्रुवारी

तालुक्याच्या वाचनालयातून सुतारकामाचं पुस्तक आणलं. मी शाळेत गेले नाही. तंबाखूची पानं निवडायच्या शेडमध्ये एक वाचक उंच खुर्चीवर बसून आम्हा बायकांना पेपर वाचून दाखवायचा. तो गेला की उरलेल्या पेपरवर बोट ठेवत मी अक्षरं जुळवली. जी बाई अशी वाचायला शिकली, तिला चार फळ्या जोडणं जड जाणार नाही.

पहिलं प्रकरण वाचून झालं. सोपं आहे.

९ फेब्रुवारी, रविवार

पेटी झाली नाही. लाकूडच नाही.

दीर फर्मीन आला होता. मी पेटीचं सांगितल्यावर इतका हसला की त्याला ठसका लागला. म्हणाला, पेटी दुकानदाराला लागते, वहिनी. आपल्या गावात चिरूट शिळा व्हायला उरतो कुठे? त्याचं खरं आहे. इथे जो तो आपल्यापुरते वळतो, पामच्या सालीत गुंडाळतो आणि आठवड्यात संपवतो. साठवायचे म्हणून कुणी वळत नाही. फर्मीन म्हणाला, ओढून टाकू, नाहीतर मला दे.

मी दिले नाहीत. त्याला कळायचं नाही. एवारिस्तो डावरा होता. त्याच्या चिरुटावर वरचं पान उलट्या बाजूने फिरतं, आणि टोकाला शेपटीसारखा एक पीळ असतो. असा पीळ इथे दुसऱ्या कुणाचा नाही. आम्हाला मूलबाळ नाही. फोटो एकच आहे आणि त्यात त्याने डोळे मिटलेत. त्याच्या हाताचं म्हणून जे उरलंय ते हेच.

१२ फेब्रुवारी

लाकूड सापडलं. घरातच होतं. कपडे ठेवायचं आमचं कपाट अस्सल सीडरचं आहे, सासूबाईंच्या लग्नातलं. तो गेला तेव्हा त्याच्या कपड्यांना कसर लागू नये म्हणून मी त्यात डांबरगोळ्या टाकल्या होत्या. जरा जास्तच टाकल्या होत्या. गोळ्या काढल्या, फळ्या सोडवल्या, उन्हात ठेवल्या. दुपारपर्यंत वास साफ गेला.

त्याचे कपडे तात्पुरते पलंगावर ठेवलेत, त्याच्या बाजूला. रविवारी गरजूंना देऊन टाकीन.

१६ फेब्रुवारी

करवत एवारिस्तोची आहे, त्यामुळे ती डावीकडे ओढते. असंच असणार. नाहीतर चार फळ्या चार लांबीच्या झाल्याच नसत्या.

कपडे दिले नाहीत. रविवारी सगळे घरी असतात, देताना गवगवा होतो. मधल्या वारी देईन.

२ मार्च

पुस्तक सांगतं की कोपऱ्याचे सांधे बोटांत बोटं गुंफल्यासारखे बसले पाहिजेत. माझी बोटं एकमेकांवर रुसलेली दिसतात. फटींत सरस आणि लाकडाचा भुसा भरला. पुस्तकात हे नाही. म्हणजे लिहिणाऱ्याला सुचलं नसावं.

फर्मीनने बघितली. म्हणाला, कोंबडी कधी बसवणार?

आपलं हसं होतंय म्हणून काम सोडणारी मी नव्हे. मात्र आकार थोडा कमी करायचं ठरवलं.

९ मार्च

आकार तिसऱ्यांदा कमी केला.

२० मार्च

पेटी तयार. झाकण बसतं. एका बाजूने बसवलं की दुसऱ्या बाजूने वर येतं, म्हणून वर इस्त्री ठेवते. आत मातीच्या वाटीत ओला स्पंज ठेवला. चिरूट एकेक करून आडवे लावले. मग सगळे काढून पुन्हा लावले, पीळ एका बाजूला यावेत म्हणून.

शेजारची मिग्दालिया बघायला आली. दारातच नाक मुरडून म्हणाली, कसला गं हा वास? मी तिला सांगितलं, तूच एवढं अत्तर ओतून आलीस, तोच असणार. तिला पेटीपाशी येऊ दिलं नाही. तंबाखूच्या पानासारखं वास धरणारं दुसरं काही नाही. शेडमध्ये अत्तर लावून आलेल्या मुलीला मुकादमबाई दारातूनच घरी पाठवायची. मिग्दालिया तंबाखूवाल्यांतली नाही, तिला हे कसं कळणार?

गावात पानाची पारख करणारं माझ्यासारखं नाक नाही, असं मुकादमबाई स्वतः म्हणायची.

१२ एप्रिल

पेटी उघडली. चिरूट मऊ झालेत. दाबले की आवाज नाही, दबतात आणि हळूच पुन्हा वर येतात. त्याने वळले त्या सकाळी होते तसेच. पेटी त्याच्या बाजूच्या उशाशी ठेवली. कपडे अजून तिथेच आहेत. पलंग मोठा आहे, अडचण होत नाही. उलट शेजारी काही असलं की झोप बरी लागते.

आता ते कायमचे टिकतील.

२७ मे

आज एवारिस्तोचा वाढदिवस. मी भात, काळा घेवडा आणि डुकराचं मांस केलं. फर्मीन जेवायला आला. जेवण झाल्यावर त्याने टोपी काढून विचारलं, वहिनी, आजच्या दिवशी तरी एक देशील? नाही म्हणवेना. आणि खरं सांगायचं तर माझी पेटी त्याला दाखवायची होती.

मी एक निवडून दिला. त्याने त्या पिळावरून अंगठा फिरवला, नाकाखाली धरला आणि तसाच थांबला. मग पेटवला. दोन झुरके घेतले. डोळ्यांत पाणी आलं. मला वाटलं, भावाच्या आठवणीने. मी म्हटलं, बघा, म्हणूनच जपून ठेवले.

तो ओढत राहिला. पार शेवटपर्यंत ओढला, बोट भाजेपर्यंत. मग पाणी मागितलं, आणखी पाणी मागितलं. मी विचारलं, कसा होता? तो म्हणाला, ठीक होता. मी पुन्हा विचारलं. मी विचारायला नको होतं.

"वहिनी, डांबरगोळ्या आहेत त्यात. आतपर्यंत मुरल्यात."

मी म्हटलं, शक्यच नाही, मला वास आला असता. आज तीस वर्षं मी पानं हुंगत आलेय.

त्याने टोपी हातात घेऊन एकदा फिरवली. मग आतल्या खोलीकडे बघून म्हणाला, "तुला कसा येईल? तू त्यातच झोपतेस."

मग उठला. दारात थांबला, माझ्याकडे पाठ करून म्हणाला, "दादाने ते आठवडाभरासाठी वळले होते गं."

तो गेल्यावर भांडी घासली. अंगणात जाऊन मोकळ्या हवेत बराच वेळ उभी राहिले. मग आत आले आणि दारातच तो वास आला. पेटीचा, पलंगाचा, माझ्या बाह्यांचा. सगळ्या घराला होता.

२८ मे

सकाळी उंबऱ्यात बसून एक चिरूट पेटवला. याआधी मी कधी ओढला नव्हता. फार वाईट लागला. पूर्ण ओढला.